एकाच खिडकीवरची तक्रार



निमंत्रणपत्रिकेवर ‘द्वैतवाद आणि फँटसी कादंबरी’ असा विषय छापला गेला आणि मला दोन फोन आले. एका गृहस्थांनी विचारलं, मध्वाचार्यांचा आणि राक्षस-चेटकिणींच्या पुस्तकांचा काय संबंध? दुसरे जरा रागावलेलेच होते. त्यांचं म्हणणं, स्मृतिव्याख्यानात पोरांच्या पुस्तकांवर काय बोलता!

पहिल्या फोनपुरती चूक माझी. मराठीत द्वैत म्हटलं की जीव वेगळा आणि ईश्वर वेगळा, हे उडुपीच्या मध्वाचार्यांचं मत डोळ्यांपुढे येतं. मला म्हणायचंय ते निराळं आहे. जगाच्या मुळाशी दोन सत्ता आहेत, एक भली आणि एक बुरी, दोन्ही अनादि, आणि त्यांच्या भांडणात आपण सापडलो आहोत, असं मानणारं एक फार जुनं मत आहे. त्याला आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही, कारण ते आपल्या तत्त्वज्ञानात कधी नीट रुजलंच नाही. आज मी त्याला ‘दोन सत्तांचं मत’ म्हणेन. दुसऱ्या फोनचं उत्तर पुढचा तासभर देत राहीन.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते आमचे सर पक्के नास्तिक होते आणि आषाढी एकादशीचा उपास एकदाही चुकवत नसत. विचारलं तर म्हणायचे, ‘‘माझी श्रद्धा साबुदाण्याच्या खिचडीवर आहे.’’ तेव्हा श्रद्धा आणि संशय एका ताटात वाढलेले असतात, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं.

माझ्या आजीलाही नसतं लागलं. मी नऊ वर्षांचा असताना धाकटे काका आजारी पडले आणि आजीने देव पाण्यात ठेवले. पितळेच्या गंगाळात बाळकृष्ण. पोरगं बरं होईपर्यंत बाहेर काढणार नाही, असा सरळ व्यवहार. काका गेले. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून बाळकृष्ण तेरा दिवस तसाच पाण्यात राहिला. चौदाव्या दिवशी आजीने त्याला काढला, पदराने पुसला, जागेवर बसवला आणि दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. फक्त वाटीत साखर नव्हती. मला वाटलं विसरली. पण वर्षभर तिने त्या दुधात साखर घातली नाही. पूजा एक दिवस चुकली नाही आणि साखर एक दिवस पडली नाही.

आजीला देव आहे की नाही, ही शंका कधी आली नाही. तिची शंका वेगळी होती: हा आपल्या बाजूचा आहे का? आज मला या दुसऱ्या शंकेबद्दलच बोलायचं आहे.

दोन सत्तांचं मत या शंकेवर फार चोख उत्तर देतं. आहे, तो आपल्याच बाजूचा आहे, पण एकटा नाही, समोर दुसरा आहे. या मताचं सर्वांत नेटकं वकीलपत्र नवव्या शतकात इराणमध्ये मर्दान-फर्रुख नावाच्या एका जरथुश्त्री लेखकाने लिहिलं. ‘श्कंद-गुमानिग विझार’ हे त्या ग्रंथाचं नाव, अर्थ साधारण ‘संशय मोडून काढणारं विवेचन’. आपण सत्याच्या शोधात देशोदेशी हिंडलो, हिंदुस्थानातही गेलो, असं तो सांगतो. मग इस्लाम, यहुदी आणि ख्रिस्ती अशा सगळ्यांना एकेक करून प्रश्न विचारतो. प्रश्न मुळात एकच: तुमचा देव एकच आहे, सर्वज्ञ आहे, दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, मग हे दुःख आलं कुठून? त्याला नको असूनही आलं असेल तर तो दुबळा. त्यालाच हवं असेल तर तो भला कसा?

त्याचं स्वतःचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते शेतकऱ्याला पटेल असं आहे. हर्मझ्द, म्हणजे भली सत्ता, हा शहाणा बागवान आहे. बागेत उपद्रवी जनावर शिरतं, म्हणून तो फास लावून ठेवतो. हे जग म्हणजे तो फास, आणि अहरिमन, म्हणजे बुरी सत्ता, त्यात अडकून धडपडतो आहे. फासाला हिसके बसणारच. आपल्याला लागतात ते हिसके त्या धडपडीचे. बागवानाने मारलेले नव्हेत.

हा ग्रंथ आपल्याला वाटतो तितका परका नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर नेरियोसंग धवल या पारशी पंडिताने तो संस्कृतात नेला, आणि दस्तूर होशंग जामास्प व एडवर्ड वेस्ट यांनी १८८७ साली तो मुंबईत छापून प्रसिद्ध केला. म्हणजे दोन सत्तांच्या मताची कैफियत संस्कृत भाषेत, आपल्याच कोकणपट्टीला लागून, कित्येक शतकं पडून होती आणि आपल्या दर्शनकारांनी तिची दखल घेतल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पुढची गंमत तर याच शहरात घडली. मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४३ साली पारशी धर्मावर मोठं पुस्तक लिहून ‘तुम्ही दोन देव मानता’ असा ठपका ठेवला. पारशी समाज दुखावला. मग १८५९ साली मार्टिन हाउग नावाचा जर्मन पंडित पुण्यात संस्कृत शिकवायला आला. त्याने अवेस्ता हा पारश्यांचा धर्मग्रंथ वाचून सांगितलं की जरथुश्त्राच्या मूळ गाथांमध्ये देव एकच, अहुर मज्द, म्हणजेच हर्मझ्द. भला आणि बुरा हे त्याच्या हाताखालचे दोन जुळे आत्मे, आणि दोन तुल्यबळ सत्ता हे पुढच्या पुरोहितांचं काम. त्याचे निबंध १८६२ साली मुंबईत निघाले. सुधारक पारश्यांना हायसं वाटलं. इंग्रजी अमदानीत एकच देव असणं अब्रूचं लक्षण होतं. मर्दान-फर्रुख हे ऐकायला असता तर त्याने कपाळाला हात लावला असता: अरे, ज्या खड्ड्यातून तुम्हाला वर काढलं त्यातच परत उड्या मारताय! एक देव मान्य केलात, की दुःखाचा हिशेब त्याच्याच दारात जाऊन मागावा लागणार.

आपल्याकडे हा पेच इतका टोचत नाही, याचं कारण आपल्याकडे खिडक्या पुष्कळ. प्रारब्ध आहे, शनी आहे, कुणाची दृष्ट आहे, मागच्या जन्मीचं काही आहे, कुळाचार राहिला असेल. तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर जात राहते आणि फाईल कधी बंद होत नाही. ज्यांनी बाकीच्या खिडक्या बंद करून एकच उघडी ठेवली, त्यांचं मात्र तसं नाही. नामदेव रुसतात, जनाबाई विठोबाला उघड शिव्या देतात, तुकोबांनी तर एका अभंगात आपल्यापुरता देवाचा निकालच लावून टाकला. हे भांडण भक्तीच्या बाहेरचं नाही. दुसरी खिडकीच नाही, म्हणून आवाज चढलेला आहे.

आता मी तुम्हाला एका इंग्रज प्राध्यापकाकडे नेतो. खरं तर तो बेलफास्टचा, म्हणजे आयरिश. सी. एस. लुइस. मुलांना तो नार्नियाच्या सात पुस्तकांमुळे माहीत आहे. १९०८ साली, तो नऊ वर्षांचा असताना, त्याची आई कॅन्सरने गेली. त्याने प्रार्थना केली होती. पुढे तो नास्तिक झाला, एकोणिसाव्या वाढदिवशी फ्रान्समध्ये आघाडीवरच्या खंदकांत पोचला, १९१८च्या एप्रिलमध्ये जखमी झाला आणि १९१९ साली टोपणनावाने एक कवितासंग्रह काढला. नास्तिकाच्या मानाने त्या कविता फार चिडलेल्या आहेत. सृष्टी हीच सैतानी आहे; देव असलाच तर तो या सृष्टीच्या बाहेर आणि तिच्या विरोधात आहे, असा त्यांचा एकूण सूर. म्हणजे दोन सत्तांचं मत लुइसने पुस्तकात वाचण्याआधी खंदकात अनुभवलेलं होतं. १९२९च्या सुमारास त्याने देव मानला. १९३१च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या मॉडलेन कॉलेजात टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं आणि थोड्याच दिवसांत तो ख्रिस्ती झाला. हे अखेरचं वळण त्याने भावाच्या मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसून प्राणिसंग्रहालय बघायला जाताना घेतलं, असं तो स्वतःच सांगतो. साक्षात्काराला पिंपळाचं झाड मिळायला हवं, असं काही नाही.

१९४१च्या आरंभी लंडनवर बॉम्ब पडत होते. सी. ई. एम. जोड या तत्त्वज्ञाने ‘स्पेक्टेटर’मध्ये लेख लिहिला, त्याचा झुकाव दोन सत्तांकडे होता. समोर हिटलर असताना हे मत कुणालाही पटावं असंच होतं. लुइसने पुढच्याच अंकात उत्तर दिलं आणि पुढे बीबीसीवरच्या भाषणांतही तोच मुद्दा मांडला. त्याला या मताबद्दल आदर होता. ख्रिस्ती मताच्या खालोखाल हेच मर्दानी मत, असं तो मानायचा. तरी त्याने ते दोन प्रश्नांत निकालात काढलं. दोन्ही सत्ता अनादि आणि तुल्यबळ, तर एकीला भली कशाच्या जोरावर म्हणता? तुम्हाला आवडते म्हणून? मग भलेपणा म्हणजे नुसती आवड झाली. आणि मोजायला काही माप असेल, तर ते माप दोघींच्या वरचं. खरा देव तोच. दुसरा प्रश्न: निव्वळ वाईटासाठी वाईट करणारा कुणी पाहिलाय का? माणूस क्रूर होतो तो सुखासाठी, पैशासाठी, सत्तेसाठी. या मुळात चांगल्याच गोष्टी, फक्त चुकीच्या वाटेने मिळवलेल्या. म्हणजे वाईटाचं स्वतःचं भांडवल नाही. ते बांडगूळ आहे. हा विचार संत ऑगस्टीनचा. तो स्वतः तरुणपणी नऊ वर्षं मानीपंथात, दोन सत्ता मानणाऱ्यांत, काढून बाहेर पडला होता. पंथ सोडून आलेल्या माणसाचा युक्तिवाद नेहमी धारदार असतो.

तर्क म्हणून मला लुइसचं म्हणणं बिनतोड वाटतं. पण बिनतोड तर्काचं बिल नंतर येतं. ते आधी आलं टॉल्किनकडे.

त्याचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ साली प्रसिद्ध झालं. वरवर बघता याच्याइतकं दोन सत्तांचं पुस्तक नाही. इकडे उजेड, तिकडे काळोख, काळोखाकडे ऑर्क नावाच्या कुरूप सैनिकांच्या फौजा. टॉल्किन मात्र श्रद्धाळू कॅथलिक; त्याच्या मते सैतानाला निर्मिती करता येत नाही, फक्त निर्मितीची विटंबना करता येते. हे तो आपला नायक फ्रोडो याच्या तोंडूनही वदवतो. मग ऑर्क आले कुठून? एल्फ लोकांना पकडून, छळून, बिघडवून केलेले, असं एक उत्तर. म्हणजे त्यांना आत्मा आहे? मग त्यांना उद्धाराची वाट आहे? आणि तशी वाट असेल तर आपले नायक त्यांना बिनदिक्कत कापत सुटतात, त्याचं काय? ऑक्सफर्डमधल्या एका कॅथलिक पुस्तकदुकानाच्या व्यवस्थापकाने असेच प्रश्न विचारणारं पत्र त्याला पाठवलं. टॉल्किनने पानंच्या पानं उत्तर लिहिलं आणि पाठवलंच नाही; आपण स्वतःला फार महत्त्व देतोय असं वाटल्याची टीप मसुद्यावर आहे. उतारवयात त्याने ऑर्कांचं मूळ पुन्हा पुन्हा बदलून पाहिलं. कधी एल्फ, कधी माणसं, कधी बोलायला शिकवलेली जनावरं. शेवटपर्यंत जमलं नाही.

मला तर वाटतं, त्याच्या कथाकाराच्या कानाला उत्तर आधीच ऐकू आलं होतं. दुसऱ्या खंडाच्या शेवटी दोन ऑर्क हवालदार गप्पा मारतात. वरच्या साहेबांना शिव्या घालतात, युद्ध संपलं की चार भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे मोठे साहेब नसतील, असे बेत करतात. कुठल्याही छावणीत ऐकू यावं असं हे बोलणं आहे. टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता. सिद्धान्ताला त्या दोघांची सोय लावता आली नाही, पण त्यांची भाषा त्याच्या कानात होती.

आता लुइसच्या बिलाकडे. त्याची १९५६ सालची कादंबरी ‘टिल वी हॅव फेसेस’ नार्नियाच्या मानाने फार थोड्यांनी वाचली आहे. मला विचाराल तर त्याने लिहिलेलं सर्वांत चांगलं पुस्तक तेच. क्यूपिड आणि सायकी यांची जुनी रोमन कथा त्याने सायकीच्या बहिणीच्या तोंडून सांगितली. ग्लोम नावाचं एक आडगावचं राज्य. तिथली देवी उंगित म्हणजे चेहरा नसलेला एक धोंडा, रक्ताने माखलेला. आपल्याला ही देवी ओळखायला वेळ लागत नाही. शेंदराऐवजी रक्त, एवढाच फरक. राजाची थोरली मुलगी ओरुअल कुरूप आहे. तिला शिकवायला एक ग्रीक गुलाम आहे, बुद्धिवादी, देवांच्या गोष्टींना कवींची थाप म्हणणारा. दुष्काळ येतो, रोगराई येते, आणि पुरोहित सांगतो की धाकट्या सायकीला डोंगरावरच्या देवाला द्या. तिला झाडाला बांधून येतात. काही दिवसांनी ओरुअल हाडं गोळा करायला जाते, तर बहीण जिवंत! सायकी म्हणते, हा बघ माझा वाडा. ओरुअलला गवत आणि दगड दिसतात.

आणि मग पहाटे, नदीचं पाणी पिताना, धुक्यात तिला क्षणभर वाडा दिसतो. लगेच नाहीसा होतो. ही गोष्ट ती परत आल्यावर गुरूला सांगत नाही.

सगळी कादंबरी मला या लपवलेल्या क्षणावर उभी दिसते. ओरुअल पुढे स्वतःच्या दंडात खंजीर खुपसून बहिणीला धमकावते, रात्री येणाऱ्या तिच्या देव-नवऱ्याचं तोंड दिव्याने बघायला भाग पाडते, सायकीचा सर्वनाश होतो. ओरुअल तोंडावर बुरखा घेऊन कित्येक वर्षं उत्तम राज्य करते आणि म्हातारपणी हे पुस्तक लिहायला बसते. पुस्तक म्हणजे देवांविरुद्धची फिर्याद. मला स्पष्ट खूण का दिली नाहीत? अर्धवट दाखवायचं, कोड्यात बोलायचं आणि मग न ओळखल्याबद्दल शिक्षा करायची, हा कुठला न्याय?

मुद्दा असा, की ही फिर्याद लुइस टर उडवण्यासाठी लिहीत नाही. तो तिला पूर्ण मुभा देतो. पहिला भाग वाचताना आपण ओरुअलच्या बाजूचे असतो, आणि मी आजही बराचसा आहे. तिच्या जगात अहरिमन नाही. तिला म्हणता येत नाही की देव चांगला, पण समोरचा नाठाळ. सैतानाची खिडकी लुइसने १९४१ सालीच वाजवी कारणं देऊन बंद केली होती. म्हणून त्याच्या नायिकेला थेट देवाच्याच दारात उभं राहावं लागतं.

शेवटी तिला दृष्टान्तात मृतांच्या दरबारात उभं करतात आणि फिर्याद वाचायला सांगतात. हातात तिचा मोठा ग्रंथ नसतो, एक मळकं चिटोरं असतं. ती वाचते. संपल्यावर पुन्हा वाचते, पुन्हा. न्यायाधीश थांबवतो तेव्हा तिला कळतं की आपण तेच तेच वाचत होतो, आणि त्यात बहीण आपल्यापासून हिरावली याखेरीज काही नव्हतं. तुला उत्तर मिळालं का, असं विचारतात. ती हो म्हणते. उत्तर कुणी दिलेलं नसतं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आलेला असतो.

हे उत्तर पुरेसं आहे का? मर्दान-फर्रुख हसला असता. फिलिप पुलमनने तर १९९५ ते २००० या काळात तीन खंड काढून लुइसशी हिशेब मांडला. त्यातला देव म्हणजे काचेच्या पालखीतला एक थकलेला म्हातारा देवदूत. मोकळ्या हवेत येताच तो विरून जातो. पुस्तक जोरकस आहे, पण मला त्यात शंका कमी आणि निकाल जास्त दिसतो. उर्सुला ले ग्विनने १९६८ साली निराळंच केलं: तिच्या ‘अर्थसी’ कादंबरीतला काळा शत्रू नायकाचीच सावली निघते आणि लढाई तिला स्वतःचं नाव देऊन मिटते. तिचा ओढा ताओकडे होता, तिथे दोन सत्तांना भांडायची गरजच नसते. आपल्याकडे नारायण धारपांच्या समर्थकथांनी दोन सत्तांचं मत बिनबोभाट वापरलं आणि आमच्या पिढीला रात्री कंदिलाशेजारी झोपायला लावलं. जी. एं.च्या ‘रमलखुणा’त मात्र खिडकीच नाही. नियतीकडे अर्ज करता येत नाही. म्हणून त्यातली माणसं ओरुअलसारखी भांडत नाहीत, बघत राहतात.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. ‘टिल वी हॅव फेसेस’ लुइसने जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेला अर्पण केली. पुस्तक १९५६च्या सप्टेंबरात आलं. ऑक्टोबरात जॉयचं मांडीचं हाड मोडलं आणि कॅन्सर असल्याचं कळलं. इस्पितळातल्या खाटेशी धर्मविधीने लग्न झालं, पाद्र्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ती खरोखर हिंडू-फिरू लागली. दोन-तीन वर्षं मिळाली. मग १९६०च्या जुलैमध्ये ती गेली.

लुइसने घरातल्या कोऱ्या वह्या घेतल्या आणि लिहीत सुटला. त्यात देव नसेल, ही भीती नाही. देव आहे आणि तो असाच आहे, ही भीती आहे. दार ठोठावलं तर आतून कडी लावल्याचा आवाज यावा, तसं त्याला वाटतं. देव हा सगळ्या विश्वाला छळणारा क्रूर तर नसेल, इथपर्यंत तो जातो. मग दुसऱ्या दिवशी ते पान वाचून म्हणतो, हे विचार नव्हते, किंचाळणं होतं. लिहून ठेवलेली फिर्याद पुन्हा वाचणारी ओरुअल त्याने चार-पाच वर्षं आधी कागदावर आणली होती. आता तिच्या जागी तो स्वतः उभा होता.

त्या वह्यांचं पुस्तक १९६१ साली निघालं, ‘एन. डब्ल्यू. क्लार्क’ या टोपणनावाने. लेखक कोण हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. असं सांगतात की लुइसच्या काही हितचिंतकांना ते फार आवडलं. बायको गेल्यामुळे खचलेल्या माणसाला याचा आधार होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या प्रती विकत घेतल्या आणि टपालाने लुइसला पाठवून दिल्या.